साळुबाईला वाचता येणारा एकच शब्द

"आक्के, बोट काढ त्या कागदावरनं आन अंगठा ठिव. पाइपलाइनच्या कागदात वाचायचं काय असतंय?"

असं सोपान म्हणला. घोडेगावात, कचेरीच्या भायेर, कागद लिहून देणाऱ्या भगवंतरावांच्या टेबलापाशी. आक्का म्हंजी त्याची थोरली भन, साळुबाई. तिच्या एका हाताच्या अंगठ्याला शाई लावून झालती. दुसऱ्या हाताचं बोट मात्र कागदाच्या पार वर, जाड अक्षरांवर जाऊन बसलं व्हतं. ती ते उचलीना.

"आधी हा शब्द हितं कसा आला ते सांग," ती म्हणली.

"तुला कवापासनं शब्द यायला लागले?"

"हा एकच येतो."

मित्रांनो, मी तवा तिच्या पिशवीत व्हतो. मी एक जुनं पुस्तक हाय. कादंबरी. जुनं म्हंजी इतकं की माझा मूळचा पुठ्ठा न्हाई, पयली सोळा पानं न्हाईत, त्यामुळं माझं नाव काय आन मला लिव्हलं कोणी, हे मलाच सांगता येत न्हाई. पण त्या टेबलापाशी जे झालं त्यात माझा हात व्हता. साळुबाईच्या बापाचं, सावळेरामचं रान कळंबला हाय. त्यात तिचा तीस गुंठ्यांचा वाटा. ती स्टँडमागं दुसऱ्याच्या पत्र्याच्या खोलीत राहती, नवरा वारल्यापासनं. त्या तीस गुंठ्यांत तिला दोन खोल्या बांधायच्या व्हत्या, स्वतःच्या. तो वाटा तिच्याकडं राहतो का त्या अंगठ्यासंगं जातो, येवढाच सवाल व्हता.

हे नीट कळायला आधी माझं ऐकावं लागंल. मधी मधी इचारू नका, माझं डोकं लवकर फिरतं.

माझा जलम पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. शिशाचे खिळे जुळवून छापायचे, तवाचा मी. मशीन आंगावर दणादणा पडायचं, शाईचा वास नाकात बसायचा. तितनं मी जुन्नरला आलो, एका वाचनालयात. निळं कापड चढवलेला पुठ्ठा, पाठीवर सोनेरी अक्षरं. पयली धा-पंधरा वरसं माझी लई चलती व्हती. माझ्यासाठी नंबर लागायचे. एकानं परत आणलं की दुसरा दारातच उबा. मोठी कादंबरी, थोर कादंबरी, असं लोकं माझ्या तोंडावर म्हणायची.

आता एक गोष्ट सांगतो, ती तुमाला कोण सांगणार न्हाई. तुमाला वाटतं पुस्तकाला आपल्या पोटातलं सगळं ठावं असतं. साफ खोटं. तुमाला तुमचं आतडं दिसतं का? तसंच हाय ते. कोणी मोठ्यानं वाचलं तरच आमाला कळतं. आन वाचनालयात भिंतीवर पाटी, शांतता राखा. सगळी मुक्यानं वाचायची. पंचवीस-तीस वरसं माझ्या आंगावर डोळं फिरले, पण कानावर एक ओळ पडली न्हाई. कोण हासायचं, कोण गप व्हायचं. एक मास्तरीणबाई व्हत्या, त्या शेवटाकडच्या एका पानावर आल्या की रडायच्या. दर वरसी मला नेऊन त्याच पानावर रडायच्या. त्या पानाला अजून त्यांच्या पाण्याचे डाग हायेत. मला वाटायचं, लई भारी कायतरी असणार माझ्यात. छाती फुगायची माझी.

मंग पाठ तुटली. इतक्या लोकांनी उलटंपालटं केल्यावर तुटणारच. मला चांदभाईंच्या दुकानात नेलं. जुन्नरात त्यांचं बाइंडिंगचं काम, बापजाद्यापासनं. त्यांची आई बिबिजान कोपऱ्यात बसून लाल दोऱ्याला मेण लावायची, आन चांदभाई एकेक फर्मा शिवायचे. फर्मा म्हंजी सोळा पानांची एक घडी. अशा घड्या एकावर एक शिवल्या की पुस्तक व्हतं. शेवटची गाठ ते नेहमी आतल्या अंगाला मारायचे, तीन पदरी. म्हणायचे, गाठ दिसली तर काम कच्चं. हात असा की सुई आत गेलेली कळायची न्हाई.

पण माझ्या वेळंला त्यांचं चुकलं. एका फर्म्याच्या खालचे नंबर वाळवीनं खाल्ले व्हते. त्यांनी अंदाजानं शिवला, आन तो चुकीच्या जागी बसला. त्यानंतर लोकं मला अर्ध्यावर परत करायला लागली. का, ते मला कळायचं न्हाई. मंग टीव्ही आला, मंग मोबाइल आला, मंग कोणच येईना. मास्तरीणबाई पण यायच्या बंद झाल्या. वरच्या फळीवर बारा-तेरा वरसं पडून राहिलो. पाल माझ्यामागं अंडी घालायची.

एक दिवस फळीच काढली. रंग द्यायचा व्हता म्हणं. आमाला गोणीत भरलं आन काट्यावर टाकलं. मित्रांनो, ज्याच्यासाठी नंबर लागायचे त्याला बटाट्यासारखं तोलल्यावर काय वाटतं, ते तुमाला कळायचं न्हाई. रद्दीवाल्यानं पयला माझा पुठ्ठा ओरबाडला. पुठ्ठा येगळ्या ढिगात जातो. मी उघडाच कळंबला पोचलो, साळुबाईच्या शेंगांच्या गाड्यावर.

साळुबाई स्टँडवर भाजलेल्या शेंगा विकती. तिला पुड्या बांधायला कागद लागतो. तिनं मला मांडीवर घेतलं, जिभंला बोट लावलं आन पयलं पान टरकन फाडलं. त्यावर माझं नाव व्हतं. त्या नावात शेंगा भरून तिनं ते नाशिकच्या गाडीत एका पावण्याच्या हातात दिलं. असं सोळा पानांपर्यंत चाललं. मी ओरडलो असतो, पण आमाला तोंड कुठं असतं.

सतराव्या पानाला रुमाना आली.

रुमाना शेजारच्या खोलीत मशीनवर ब्लाउज शिवती. जुन्नरची पोरगी, कळंबला दिलेली. शेंगा घ्यायला आली, तर तिची नजर माझ्या लोंबणाऱ्या लाल दोऱ्यावर गेली. शिवणारी बाई, तिचं ध्यान शिवणीकडंच जायचं. तिनं वाकून मला हातात घेतलं, पाठीत बोट घातलं, आन चाचपत आत गाठीपर्यंत गेली. तीन पदर मोजले. 

"मावशी, ही गाठ माझ्या अब्बांची हाय," ती म्हणली.

चांदभाई जाऊन तवा तीन वरसं झालती. मला तितंच कळलं. लई वाईट वाटलं.

साळुबाई मऊ बाई न्हाई. ती म्हणली रद्दी ती रद्दी, मी काय आता पुड्या हातावर बांधू का. रुमानानं घरातनं वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणून दिला बदल्यात. तवा साळुबाई म्हणली, घेऊन जा, पण मला येवढं सांग, मी सोळा पानं फाडली त्यात काय व्हतं. रुमाना म्हणली, फाडलेलं मी कसं सांगू, म्होरचं वाचून दावते पायजे तर.

आन मित्रांनो, उन्हाळ्याच्या दुपारी, गाड्याच्या सावलीत, चाळीस वरसांनी पयल्यांदा मला कोणीतरी मोठ्यानं वाचलं. माझ्या पोटात नदीकाठचं एक गाव निघालं, त्यात एक मोठं घर, एक कडक सासरा, दोन भाऊ आन एक थोरली सून. मी कान देऊन ऐकत व्हतो. दुपारच्या गाड्यांचे हॉर्न वाजले की मला राग यायचा.

तिसऱ्या दिवशी साळुबाईनं रुमानाला थांबवलं. म्हणली, पोरी, एक शब्द लई येतोय बघ. तू दर पानाला म्हणतीस, सोडलं, सोडला, सोडून. तो दिसतो कसा ते दाव.

रुमानानं दावला. साळुबाई शाळेत कवा गेली न्हाई. तिनं डोळं बारीक केलं आन आपल्या पद्धतीनं तो शब्द मनात बसवला. म्होरं दोन खांब, त्यावर तुरा, आन मागं एक वाकून पाणी पिणारं जनावर. सोड. बाकी अक्षरं तिला नको व्हती. म्हणायची, येवढी गर्दी माझ्या डोक्यात मावायची न्हाई, हा एक बास झाला.

त्या दिवसापासनं खेळ सुरू झाला. साळुबाई पानावर बोट फिरवून तो शब्द हुडकायची, रुमाना ती ओळ वाचायची. वाचायच्या आधी साळुबाई सांगायची हितं काय सोडलं असंल. बरोबर आलं तर मूठभर शेंगा तिच्या, चुकलं तर रुमानाच्या.

गड्यानं सांजंला बैल सोडले. सासऱ्यानं पाटाला पाणी सोडलं. थोरलीनं एकादशीचा उपास सोडला. साळुबाई म्हणली, म्हंजी जेवली. रुमाना म्हणली, आमी पण रोजा सोडतोच म्हणतो की. दोघी एकमेकींकडं बघून हासल्या. धाकट्यानं नोकरीपायी गाव सोडलं. सासऱ्यानं दारातल्या भिकाऱ्यावर कुत्रं सोडलं. थोरलीला तिच्या नवऱ्यानं माहेरी नेऊन सोडलं. हितं साळुबाईनं इचारलं, न्यायला परत कवा आला? रुमानानं म्होरची पानं चाळली, तिला काय घावलं न्हाई.

मी गार पडलो व्हतो. हे सगळं माझ्या पोटात चाललेलं, आन मी आपला चाळीस वरसं सोनेरी अक्षरं मिरवत बसलो व्हतो. एका शब्दाची येवढी कामं? तोच शब्द बैलाला, तोच पाण्याला, तोच बाईला?

मधीच एक भानगड झाली. सासऱ्यानं चिलमीचा धूर सोडला आन चार पानांनी जीव सोडला. सगळं घर रडलं. त्याच्या म्होरं सोळा पानांनी तोच सासरा वसरीवर बसून चा मागायला लागला. रुमाना चरकली. मंग तिनं म्होरच्या-मागच्या पानांचे नंबर बघितले आन तिला उमगलं, हे अब्बांच्या हातनं झालंय. ती त्या शिवणीवरनं बोट फिरवत राहिली. साळुबाई मात्र खोकला येईस्तोवर हासली.

"तुझ्या बापानं म्हाताऱ्याला वरनं वापस आणला गं," ती म्हणली, "जमलं असतं तर माझ्या नवऱ्याचा पण फर्मा शिवून घेतला असता."

मंग रुमाना पण हासली. लोकं मला अर्ध्यावर परत का करायची, ते मला तवा कळलं. येवढ्यासाठी? च्यायला, कोणी एकानं तरी सोळा पानं म्होरं-मागं करून बघायची.

आता डब्यांचं सांगतो. साळुबाईची नजर लई तेज. आठ दिवसांनी तिनं दोन रिकामे तेलाचे डबे आणून ठेवले. बाप्यानं काय सोडलं तर शेंगंचं एक टरफल ह्या डब्यात, बाईनं सोडलं तर त्या डब्यात. रुमाना म्हणली, मावशी हे कशाला? साळुबाई म्हणली, कशाला ते मला अजून ठावं न्हाई, पण टाक.

ती टरफलं टाकायची आन स्टँडवर पण तो शब्द हुडकत बसायची. ट्रकच्या मागं, दवाखान्याच्या पाटीवर. एकदा तिला लिंबू-सरबतवाल्याच्या गाडीवर घावला, तर त्याला जाऊन इचारलं, तू काय सोडायला सांगतोस रं गिऱ्हाइकाला? तो म्हणला, आक्का, ते सोडा हाय, प्यायचा. सगळा स्टँड हासला. ती पण हासली, पण त्या दिवशी तिची चाल बदलली व्हती. पाटीकडं बघायला ती आता लाजत नव्हती.

पावसाच्या तोंडाला मी संपत आलो. शेवटाकडं रुमानानं ते डागाचं पान उघडलं, मास्तरीणबाईंचं.  आता कळणार, माझ्यात भारी काय व्हतं ते.

थोरली माहेरी येऊन राहिलेली असती. तिनं हट्ट सोडलेला, नथ सोडलेली, एक येळचं जेवण सोडलेलं. त्या पानावर तिचा भाऊ रानाचा कागद घेऊन येतो. ती हसत हसत आपला वाटा सोडती. आन म्हणती, भाऊ सुखी तर मी सुखी. मंग सगळा गाव तिच्या पाया पडतो.

येवढंच.

मित्रांनो, मला असा धक्का बसला की काय सांगू. ह्या पानावर लोकं रडायची? ह्याच्यासाठी मला थोर म्हणायची? मास्तरीणबाई वरसावरसाला ह्या पानाशी का येत व्हत्या, ते मला अजून उलगडलं न्हाई. कदाचित त्यांनी पण कायतरी असंच दिलं असंल. त्यांना इचारायला पायजे व्हतं कोणीतरी.

रुमानाचे डोळे भरले व्हते. साळुबाईचे न्हाई. तिनं दोन्ही डबे म्होरं वढले, आत हात घातला आन टरफलं चाळत बसली.

"बघ गं," ती म्हणली. "बाप्यांचा डबा मोठा हाय. पण एक थोरली सोडली तर त्यांनी सोडलेलं सगळं माघारी येतं. बैल सोडला, सकाळी जुंपला. पाणी सोडलं, पीक आलं. गाव सोडलं, दिवाळीला परतला. बाईचं बघ. तिनं सोडलं त्यातलं माघारी काय आलं, सांग."

रुमानानं लई इचार केला. म्हणली, उपास.

"हां. तेवढा एक उपास."

ह्याच्यानंतर पंधरा दिवसांनी सोपान आला. चांगला आला, गोड बोलला. भाऊ वाईट व्हता असं मी म्हणणार न्हाई. नवरा वारल्यावर आक्काला कळंबला त्यानंच आणलं, वरसाला धान्याचं पोतं तोच टाकायचा. तो म्हणला रानात पाइपलाइन घ्यायचीय, सात-बाऱ्यावर तुझं पण नाव हाय, म्हणून संमतीचा अंगठा लागतो. साळुबाई खूश झाली. पाणी आलं तर तिच्या पण तीस गुंठ्यांना मिळणार. तिनं त्याला चा पाजला, नवं लुगडं नेसली आन निघाली. मी पिशवीतच व्हतो, तिला सवय झालती माझी. रुमानाचं एक लगीनसराईचं काम व्हतं म्हणून ती आली न्हाई.

घोडेगावात सोपानची बायको सखूबाई आधीच येऊन बसली व्हती. तिच्या मांडीवर दुकानाची पिशवी, आत नवी साडी. साळुबाईनं इचारलं, सखू, साडी कुणाला गं? सखूबाई पदराचं टोक पिळत राहिली.

आन मंग ते बोट.

आता तुमी टेबलापाशी पोचला. सोपान म्हणतोय बोट काढ, साळुबाई म्हणतीय हा शब्द हितं कसा.  सोपान हासला.

"अगं येडे, पाइपलाइनमधनं पाणी सोडायचं म्हणून लिव्हलंय. पाणी सोडत्यात का न्हाई?"

मी पिशवीत ताठ झालो. पाणी सोडत्यात. माझ्याच पोटात सासऱ्यानं सतरांदा सोडलंय. साळुबाईला हा एकच शब्द येत व्हता, आन हा शब्द तर कुठं पण बसतो. मागचं-पुढचं तिला वाचता येत न्हाई. मला वाटलं, गेलं आता. ती बोट उचलणार.

तिनं बोट उचललं पण. सोपानकडं बघितलंच न्हाई. भगवंतरावांकडं बघितलं.

"भाऊ, मला येवढंच सांगा. ह्यात सोडणार कोण हाय? हा, का मी?"

भगवंतराव चष्म्यातनं वर बघायला लागले. त्यांचं काम कागद लिहायचं, त्यांना बाकी कशाशी घेणं नव्हतं. पण इचारलं तर खोटं सांगणारा माणूस न्हाई.

"सोडणार तुमी, बाई," ते म्हणले. "हे हक्कसोडपत्र हाय. लिहून देणार साळुबाई, लिहून घेणार सोपान. तीस गुंठं. साडी आणलेली बघून मला वाटलं तुमचं घरात ठरलंय."

साडीचं तुमाला सांगाया पायजे. आमच्याकडं भन वाटा सोडती तवा भाऊ तिला साडीचोळी करतो. तीच ती साडी. सखूबाईच्या मांडीवर ती अशी पडली व्हती, जशी काय मेलेलं मांजर.

 साळुबाई पांढरी पडली. तिला राग नव्हता आला, मित्रांनो, राग नंतर आला. आधी ती नुसती बघत व्हती सोपानकडं, वळखीचा माणूस वळखू येत न्हाई तसं. म्हणली, मी तुला चा पाजला. येवढंच. दोनदा म्हणली.

मंग सोपानचं तोंड सुटलं. कुठल्या भनीनं आजवर वाटा नेला, गावात एक नाव दाव. मी पोतं टाकतो ते काय उगं टाकतो का. तुला माहेर पायजे का न्हाई. आजूबाजूची चार माणसं जमली, त्यातल्या दोघांनी माना डोलावल्या. साळुबाईनं पिशवीत हात घातला, मला भायेर काढलं, माझं शेवटचं कोरं पान उघडलं आन अंगठ्याची शाई त्यावर पुसली. सावकाश, दोन्ही बाजूंनी. सखूबाई ते बघत व्हती.

सोपाननं मला तिच्या हातनं हिसकलं. म्हणला, हे हाय व्हय ह्या सगळ्याच्या मुळाशी, त्या शिवणवालीचं पुस्तक. आन फेकलं. मी रस्त्यावर आपटलो, दोन कोलांट्या खाऊन रसवंतीच्या चिखलात जाऊन पडलो. भीमाशंकरची एसटी माझ्यापासनं हातभर लांबनं गेली. साळुबाईनं मला उचलून पुसेस्तोवर चौतीस पानं भिजली. पण एक फर्मा हालला न्हाई. चांदभाईंची गाठ.

त्यानंतर पाच महिने भाऊ-भन बोलले न्हाईत. भाऊबीज कोरडी गेली. धान्याचं पोतं आलं न्हाई. साळुबाईचं नाव सात-बाऱ्यावर व्हतं, पण रानात पाऊल टाकायची सोय नव्हती. ती एकदा गेली तर सोपाननं वाटंत काटं टाकलेलं. तीस गुंठं कुठनं कुठपर्यंत, ते पण कोण दावंना. रुमानानं मोजणीचा अर्ज लिहून दिला, त्याची तारीख काय लागंना. खोल्या राहिल्या लांब, साळुबाईला रातची झोप येईना. एकदा तर रुमानाला म्हणली, घालून टाकते अंगठा, निदान भाऊ तरी येईल दारात. रुमानानं मला उचलून तिच्या मांडीवर ठेवलं आन शिवायला निघून गेली.

आता कालची गोष्ट. ही ऐकून मला अजून पटत न्हाई.

काल सकाळी सखूबाई आली. पाच महिन्यांनी. दारातच उबी राहून म्हणली, वन्सं, मला पण तो शब्द दावा.

साळुबाईनं इचारलं, का?

सखूबाईचं माहेर आळ्याचं. तिचा भाऊ गोरख, त्यानं निरोप धाडला व्हता, ताई, एक कागद हाय, येऊन अंगठा देऊन जा, बँकेचं काम हाय. सखूबाईनं ते घरी सांगितलं. तर सोपान म्हणला, खबरदार अंगठा दिलास तर. आळ्याचं रान हाय, पाण्याखालचं हाय, तुझा वाटा हाय त्यात. गोरख गोड बोलून काढून घेईल. आधी जाऊन आक्काकडनं शिकून ये.

सोपान म्हणला हे. तोच सोपान. मी कोनाड्यात पडलो व्हतो, तितनं खाली पडायचा राहिलो. काय माणूस हाय का काय? एका तोंडानं दोन्हीकडनं जेवतो. मला वाटलं साळुबाई आता तिला हाकलून लावणार. मी तर दोघांना हाकललं असतं, साडीसकट.

साळुबाईनं खिडकीतनं भायेर बघितलं. पल्याड, लिंबाखाली, सोपान उबा. तोंड फिरवून. चपलेनं माती उकरत.

"सखू," ती म्हणली, "शब्द दावते. आळ्याला तुझ्यासंगं पण येते, गोरखच्या तोंडावर इचारायला. पण लिंबाखाली जो उबा हाय त्याला म्हणावं, आधी माझ्या तीस गुंठ्यांची हद्द दाव. दगड तू रोवायचा. तुझ्या हातानं."

सखूबाई गेली. लिंबाखाली लई येळ चाललं त्यांचं. आवाज येत नव्हता, हात दिसत व्हते. शेवटी सखूबाईनं आपला अंगठा त्याच्या नाकासमोर धरला. काय म्हणली ते ऐकू आलं न्हाई, पण दगड न्हाई तर हा गोरखच्या कागदावर, असंच असणार. सोपान खाली बसला. मंग उठला आन रानाकडं चालायला लागला.

संध्याकाळपर्यंत चार दगड रोवले. त्याच्याच हातानं, पहारीनं. साळुबाई बांधावर उबी, मला काखंत धरून. रुमाना मोबाइलमधी फोटो काढत व्हती, चारी बाजूनं.  शेवटचा दगड जरा आत आला, तर साळुबाई म्हणली, सरकव. त्यानं सरकवला. घामानं निथळत व्हता. ती त्याला पाणी देईल असं मला वाटलं नव्हतं. तिनं दिलं.

माझा राग गेला न्हाई अजून. तुमचा जाईल कदाचित. मी त्या चिखलात पडलो व्हतो, तुमी न्हाई.

मित्रांनो, तुमाला माझं एक सांगणं. घरात जुनं पुस्तक असंल तर त्याला काट्यावर टाकायच्या आधी एकदा मोठ्यानं वाचा. आमाला पण ऐकू जाऊ द्या आमच्या पोटात काय हाय ते. चांगलं निघंल असं न्हाई. माझ्यात काय निघालं ते बघितलंत. पण मुक्यानं वाचून, मुक्यानं रडून, मंग फळीवर फेकून द्यायचं, हे बंद करा. आन शिवण उसवली तर कोणाकडनं तरी शिवून घ्या. रुमाना घेती आता अशी कामं, अब्बांची सुई तिच्याकडंच हाय. माझा चुकलेला फर्मा मात्र तिनं तसाच ठेवलाय. म्हणती, अब्बांनी जिवंत केलेला माणूस मी कशाला मारू.

अजून सांगायचं व्हतं. आळ्यात काय व्हईल, गोरख किती तमाशा करंल, मला ठावं न्हाई. रुमानानं कापडाचा पुठ्ठा चढवलाय मला, हिरवा, ब्लाउजच्या तुकड्याचा. सखूबाईनं काल दिवा लावून तासभर ते दोन खांब आन वाकलेलं जनावर गिरवलं, माझ्या पानावर पेन्शिल टोचटोचून. दुखतंय अजून.

आळेफाट्याची गाडी लागलीय. सोपान हाका मारतोय, चला, जागा जाईल. आता ही पिशवी त्याच्याच खांद्यावर जाणार. ह्या माणसाच्या खांद्यावर मी.

बस झालं. मला निघायचंय.